बाकावरची बाहुली

३ फेब्रुवारी, मंगळवार

छोट्या खेळण्यांचे फोटो काढणाऱ्यांचा आमचा क्लब आहे, त्याच्या अध्यक्षांनी बजावून सांगितलंय, प्रत्येक फोटोची नोंद ठेवा. कोणतं खेळणं, कुठला उजेड, किती अंतर. म्हणून ही वही.

तर पहिली नोंद. खेळणं: आग विझवणारा जवान, उंची पाऊण इंच. उजेड: स्वयंपाकघराची खिडकी, सकाळी आठ. अंतर: एक वीत. दृश्य असं की कपातून उठणारी चहाची वाफ म्हणजे आग, आणि कपाला शिडी लावून जवान वर चढतोय. फोटो फक्कड आला. कप मात्र हिचा होता, आणि शेवटच्या क्षणी जवान आत पडला. मला वाटलं, काढीन नंतर. हिने दोन घोट घेतले तेव्हा तो ओठाला लागला. तिने चमच्याने त्याला बाहेर काढून बशीत आडवा ठेवला, उरलेला चहा बेसिनमध्ये ओतला आणि चकार शब्द काढला नाही. आमच्या हिचा हा मोठा गुण आहे. दुसऱ्या कुणाची बायको असती तर घर डोक्यावर घेतलं असतं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

ही वही कधी नातीच्या हाती लागलीच तर तिच्यासाठी खुलासा: खेळण्यांचा डबा हरवलेला नाही. तो तू गेल्या वर्षी आमच्याकडे विसरलीस आणि तुझ्या आईने फोनवर विचारलं तेव्हा मी 'सापडत नाही' म्हणालो. सापडत नव्हता हे खरंच आहे, कारण मी शोधतच नव्हतो. तो माझ्या मांडीवर होता.

त्या डब्यापासून हे सगळं सुरू झालं. मी एकतीस वर्षं दातांच्या कवळ्या बनवतोय. मेण, प्लास्टर, बारीक कोरण्या, सगळं हाताशी. दुसऱ्यांची तोंडं दुरुस्त करण्यात आयुष्य गेलं, आता म्हटलं थोडी मजा करू. लॅबमधल्या उरलेल्या प्लास्टरचा मी एक झकास डोंगर केलाय. आज तो बर्फाच्या कप्प्यात ठेवून चार गिर्यारोहकांचा फोटो काढला. ही गुडघा शेकायला बर्फ घ्यायला गेली तर कप्प्यात बर्फच नाही, नुसता हिमालय. तिने चौघांना बाहेर काढून बेसिनच्या काठावर ओळीने उभं केलं, भिंतीकडे तोंड करून. मांडणी चांगली होती. हिलाही हळूहळू गोडी लागतेय असं दिसतं.

८ फेब्रुवारी, रविवार

क्लबची बैठक. सायकलच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही अकरा जण जमतो. सगळे पन्नाशीपुढचे आणि सगळ्यांच्या खिशात काहीतरी छोटं. अध्यक्ष पूर्वी शाळा तपासणारे अधिकारी होते. अजूनही प्रत्येक फोटो भिंगाखाली धरून तपासतात आणि लाल पेन शोधतात. त्यांनी स्पर्धा जाहीर केली. नियम एकच: दृश्य स्वतः मांडलेलं हवं आणि त्यातला प्रत्येक जीव खेळणं हवा. जो पहिला येईल त्याने १ मार्चच्या प्रदर्शनात फोटोशेजारी तो देखावाही मांडायचा. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत, त्यांना आम्ही बँकवाले म्हणतो. ते दोन वर्षं सलग पहिले आलेत. त्यांच्या बाहुल्यांना पापण्यासुद्धा आहेत. त्यांनी माझ्याकडे बघून जे स्मित केलं ते मी विसरणार नाही.

घरी येऊन कामाला लागलो. जेवणाच्या टेबलावर गेले पाच आठवडे गाव वसलंय. ते हलवलं तर रेल्वेचे रूळ पुन्हा जुळवावे लागतील, म्हणून आम्ही ओट्याशी उभ्याने जेवतो, पचनाला चांगलं. सोफ्याचं निळं कापड समुद्रासारखं दिसतं म्हणून तिथे गलबतं आहेत. पलंगावर दिवसा वाळवंट असतं. ही प्रसूतिगृहात परिचारिका होती, नोव्हेंबरात निवृत्त झाली. तेव्हा म्हणाली होती, तीस वर्षं उभी राहिले, आता नुसती बसणार. पण एकेकाच्या पायाला सवय असते. ही अजूनही घरात सतत उभीच असते.

आज म्हणाली, दर बुधवारी आणि शनिवारी दुपारी धाकट्या बहिणीकडे जाईन म्हणते. मी म्हटलं, अगं जा की, अगदी मोकळ्या मनाने जा. बुधवारी दुपारी बैठकीच्या खोलीत उजेड फार सुरेख असतो.

११ फेब्रुवारी, बुधवार

ही कसलासा पिवळा स्वेटर घालून अडीचला बाहेर पडली. मी लॅबमधून अर्धी रजा टाकून आलो होतो, पण आभाळ भरून आलं आणि खोलीतला उजेड गेला. मग चिडून कॅमेरा घेतला आणि बस डेपोसमोरच्या सहा मजली पार्किंगच्या गच्चीवर गेलो.

तिथून एक गंमत करता येते. उंचावरून खाली नेम धरायचा, मधली एक पट्टी तेवढी स्पष्ट ठेवायची, वरचं खालचं सगळं धूसर करून टाकायचं, रंग थोडे भडक करायचे. खरं जग खेळण्यातलं दिसायला लागतं. बसगाड्या काडेपेटीएवढ्या, माणसं गोळ्यांच्या बाटलीतून सांडल्यासारखी. चाळीस फोटो काढले. त्यातला एक असा काही आलाय की मी स्वतःच फसलो. रिकामा फलाट, कडेला उभी एक बस, हिरवा बाक, बाकावर पिवळ्या कपड्यांतली एक बाई. चपला काढून पाय लांब केलेत, मान मागे टेकलीय, हात बाजूला सैल पडलेत. कुणीतरी मेणातून ओतून हलकेच ठेवून द्यावी तशी.

आणि मनात एक किडा वळवळला. हा फोटो स्पर्धेत टाकला तर? बक्षीस नको, बँकवाल्यांचं तोंड बघायचंय. अध्यक्षांच्या भिंगाला चुकवून खरा माणूस आत घुसवला तर ती खरी कला. दोन दिवसांनी सांगून टाकू, सगळे हसतील.

ही सातला आली. बहीण कशी आहे विचारलं. बरी आहे म्हणाली. चेहरा टवटवीत होता. बहिणीकडे जाणं मानवलेलं दिसतं.

१५ फेब्रुवारी, रविवार

घोटाळा झाला. पहिला आलो.

अध्यक्षांनी भिंग लावून पाच मिनिटं फोटो पाहिला आणि म्हणाले की बस ठीक, बाक ठीक, पण बाहुलीच्या अंगातलं समाधान बघा, असं हातानं घडवता येतं यावर विश्वास बसत नाही. बँकवाले पांढरे पडले. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, कशाची केलीत? आता बघा, खरं सांगायची हीच वेळ होती. तोंड उघडलंही होतं. पण तो माणूस दोन वर्षांत पहिल्यांदा मला काहीतरी नम्रपणे विचारत होता. मी म्हटलं, मेण आणि कवळीचं अ‍ॅक्रिलिक.

फोटोची हातभर मोठी प्रत मला देण्यात आली. आता १ मार्चपर्यंत बस, बाक आणि ती बाई मला हातांनी बनवायची आहे. चौदा दिवस. आजवर हजारो माणसांचे दात केलेत, एक बाई होणार नाही?

१६ फेब्रुवारी, सोमवार

मोठा फोटो लॅबमध्ये नेला आणि भिंतीला लावला. आमच्याकडे कवळ्यांना पॉलिश करणारी बाई आहे. ती डबा खात खात आली, बघितलं, आणि म्हणाली, "वहिनींचा फोटो छान आलाय."

मी म्हटलं, कुठल्या वहिनी? ती म्हणाली, तुमच्या घरातल्या. ही लॅबमध्ये एकदाच आली होती, तीही तीन वर्षांपूर्वी, छत्री द्यायला. मी हसण्यावारी नेलं. मग ती गेल्यावर भिंग काढलं.

ही होती. स्वेटर हिचा. डावा खांदा हिच्यासारखा जरा उतरलेला. शेजारी हिचीच कापडी पिशवी. आणि ही बुधवारी दुपारी बहिणीकडे असते.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

मी काही संशयी माणूस नाही. पण मेहुणीला सहज फोन केला. सहज म्हणजे आधी तीनदा पाठ केलं काय बोलायचं ते. ती फोनवर एकदा सुरू झाली की समोरच्याला फक्त श्वास घ्यायचं काम असतं, त्यामुळे फार विचारावं लागलं नाही. ही गेल्या महिन्याभरात तिच्याकडे एकदाच गेलीय. पण पुढे ती म्हणाली, "भावोजी, ताईला सांगा, मागची खोली रिकामी केलीय. एक तारखेपासून तिची. उजेड भरपूर आहे, खिडकी मोठी आहे. तुम्हाला ठाऊक आहे ना सगळं?" मी म्हटलं, हो तर.

फोन ठेवला आणि मला हळूहळू उलगडा झाला. एक तारीख म्हणजे प्रदर्शनाचा दिवस. मोठी खिडकी. भरपूर उजेड. ही माझ्यासाठी स्टुडिओ बघतेय. खेळण्यांना स्वतंत्र खोली, आणि मला पत्ता लागू न देता. म्हणून ही लपवाछपवी. मला भरून आलं. आता आपण काही कळलंय असं दाखवायचं नाही, तिची मजा घालवायची नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

मापं घ्यायला पुन्हा गच्चीवर गेलो. मोठी लेन्स लावली. पावणेतीनला ही आली, त्याच बाकावर बसली. चपला काढल्या, पाय लांब केले, पिशवीतून बिस्किटं काढली. तिकीट खिडकीतला माणूस आपणहून चहा घेऊन आला, म्हणजे ओळख जुनी असणार. मग ही पावणेपाच तास, चुकलो, पावणेतीन तास नुसती बसून राहिली. फोन नाही, विणकाम नाही. नऊ बसगाड्या आल्या आणि गेल्या, एकीतही चढली नाही. वेळापत्रकाचा अभ्यास करत असावी. स्टुडिओला जायला मला कुठली बस सोयीची ते बघायला नको?

उंची: बाकाच्या पाठीच्या सव्वापट. नाक: सरळ, टोकाला किंचित गोल. हे मला माहीत नव्हतं. चाळीसएक माणसांची नाकं मी झोपेत काढून दाखवीन, कारण कवळी बसवताना ती समोर असतात. हिला दात सगळे स्वतःचेच आहेत.

२१ फेब्रुवारी, शनिवार

बस झाली. बाक झाला. बाई मानेपर्यंत झाली, चेहरा येत नाही. सहा वेळा ओतला, सहा वेळा वितळवला. नाक, हनुवटी, कपाळ सगळं मापात आहे, तरी समोर बसते ती कुणीतरी त्रासलेली बाई.

म्हणून घरात हिच्याकडे टक लावून बघू लागलो. काय बघताय म्हणाली. मी म्हटलं, एक मिनिट जरा सोफ्यावर बस ना, स्वस्थ. तिने सोफ्याकडे पाहिलं, पलंगाकडे पाहिलं. "कुठे बसू?" म्हणाली. रागावून नव्हे, पत्ता विचारावा तसं. मी धावत जाऊन तीन गलबतं उचलली, पण शिडं दोऱ्यांत गुंतली, आणि ती सोडवेपर्यंत ही बाहेर पडली होती. आज शनिवार.

माझ्या लक्षात आलं ते असं: त्रासलेली बाई मी चुकून करत नव्हतो. घरात हिचा चेहरा तसाच आहे, मी बघून बघून तोच केला. बाकावरचा चेहरा निराळा. एकाच तोंडाच्या दोन कवळ्या असाव्यात तसं. हे लिहिताना जरा कसंतरीच झालं. उद्या पुन्हा ओततो.

२३ फेब्रुवारी, सोमवार

हिने माळ्यावरची मोठी सूटकेस काढली. कपडे भरतेय. माझ्या पोटात गुदगुल्या. खोली लावायला जाणार म्हणजे चार दिवस राहावं लागणार, साफसफाई आली, पडदे आले. मी अगदी साळसूद चेहऱ्याने ओट्याशी पेपर वाचत राहिलो.

ही अंघोळीला गेली तेव्हा म्हटलं, आपलाही हातभार लागू दे. तिचे स्वेटर जरा दाबून एका बाजूला केले आणि छोटा दिवा, कॅमेऱ्याचं तिकाटणं, प्लास्टरचा डोंगर असं सगळं त्यात नीट बसवलं. डोंगराला तिचा टॉवेल गुंडाळला. सूटकेस बंद करायला तिच्यावर बसावं लागलं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

संध्याकाळी लॅबमधून आलो तर सूटकेस उघडी होती आणि डोंगर जमिनीवर. ही त्याच्याशेजारी उभी.

"हा यात कुणी ठेवला?"

मी हसत म्हटलं, मला सगळं कळलंय, तुझ्या बहिणीने गुपित फोडलं. स्टुडिओची कल्पना फार सुंदर आहे. दिवा पण ठेवलाय बघ, तळाशी आहे.

तिने तळातून दिवा काढून माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "अहो, ती खोली माझ्यासाठी आहे."

"तुला कशाला?"

"बसायला."

एवढंच. मला वाटलं पुढे काहीतरी येईल, भांडण, रडणं, हिशेब. मी तयारीत होतो. ती स्वेटरवरचं प्लास्टर झटकत राहिली.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

फोटो काढले नाहीत. नोंद करण्यासारखं काही नाही. सोफ्यावरची गलबतं उचलली, ती टेबलावर ठेवायला गेलो तर टेबलावर गाव, गाव पलंगावर न्यायचं तर वाळवंट. एक वस्तू हलवायची तर दुसरीला जागा नाही. तासभर दोन्ही हातांत गलबतं घेऊन घरभर हिंडलो आणि मला कुठेही बसता आलं नाही. मग मी ओट्याशी उभा राहिलो. तिथे ही आधीच उभी होती. मला फार लाज वाटली.

१ मार्च, रविवार

प्रदर्शन सकाळी दहाला होतं. ही दुपारच्या बसने जाणार होती. मी राहा म्हटलं नाही. कुठल्या तोंडाने म्हणणार?

बस आणि बाक घेऊन गेलो. बाकावर मानेपर्यंतची बाई. बँकवाले सगळ्यांत आधी आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, डोकं कुठंय? अध्यक्ष भिंग घेऊन आले. बाकीचेही सगळे गोळा झाले. मी म्हटलं, "ही बाहुली नाही. माझी बायको आहे. मी गच्चीवरून काढलीय."

कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं तसं अजिबात झालं नाही. अध्यक्षांनी फोटो पुन्हा भिंगाखाली धरला आणि म्हणाले, "मग त्यांना बाहुली म्हणून दिलंत कशाला?" मी सांगितलं की देताना मला ती ओळखूच आली नव्हती. त्यावर त्यांनी भिंग खिशात घातलं. शाळेत असल्या उत्तराला ते काय शेरा देत असतील कोण जाणे. पहिला नंबर बँकवाल्यांना गेला. त्यांनीही तो काही फार खुशीत घेतला नाही, आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. याहून वाईट शिक्षा नाही.

फोटो काखेत मारून घरी आलो. ही सूटकेसला कुलूप लावत होती. मी फोटो भिंतीला टेकवून ठेवला आणि सगळं सांगितलं, पार्किंगपासून पॉलिशवालीपर्यंत. ती फोटोसमोर उकिडवी बसायला गेली, गुडघ्यामुळे जमेना, मग सूटकेसवर बसली.

"तुम्हाला ओळखू आले नाही मी?"

"नाही."

"किती दिवस?"

"पाच. तेही दुसरीने सांगितलं म्हणून."

ती फोटोतल्या पायांकडे, हातांकडे, मागे टेकलेल्या मानेकडे बघत राहिली. "मलाही आली नसती," म्हणाली. मग फोटो उचलून काखेत घेतला. मी सूटकेस डेपोपर्यंत पोचवली. मेहुणीकडे जाणारी बस वेळेवर होती.

३ मार्च, मंगळवार

घर आवरलं. खेळण्यांना एक कपाट दिलं, एकच. त्यात मावतील ती माझी. उरलेली पार्सल करून नातीला पाठवली आणि लेकीला फोन केला की डबा सापडला. ती म्हणाली, बाबा, तो तुमच्याकडेच होता हे आम्हाला माहीत होतं, आईने तेव्हाच सांगितलं होतं.

घरात आता भरपूर जागा आहे. सोफ्यावर बसून पाहिलं. करमेना.

४ मार्च, बुधवार

पावणेतीनला डेपोवर गेलो. गच्चीवर नाही, खाली. खात्री नव्हती, कारण तिला आता स्वतःची खोली आहे, मोठ्या खिडकीची. तरी ही बाकावर होती.

मी थोड्या अंतरावर उभा राहून विचारलं, खोली मिळाली ना, मग इथे कशी? ती म्हणाली, "खोली चांगली आहे हो. पण धाकटी दारात उभी राहून बोलत असते. सकाळी सातपासून." मी हसलो नाही. मोठ्या कष्टाने.

"बसू का?"

तिने विचार केला. विचार करताना मला जी भीती वाटली ती गेल्या तीस वर्षांत वाटली नव्हती. मग म्हणाली, "बसा. पण बोलायचं नाही. आणि फोटो नाही." कॅमेरा आणलाच नव्हता. तिने पिशवी मांडीवर घेतली आणि मी बसलो. तिकीट खिडकीतल्या माणसाने एकच चहा आणला, मला बघून परत गेला आणि दुसरा घेऊन आला. आम्ही काहीही केलं नाही. मला सुरुवातीला फार जड गेलं, हात सारखे काहीतरी उचलून मांडायला बघत होते. चौथ्या बसनंतर जरा सवय झाली.

मेहुणीकडची बस आली आणि गेली. ही उठली नाही. मला त्याचा अर्थ विचारायचा होता, पण बोलायचं नाही असं ठरलं होतं.

मग तिनेच विचारलं, "सोफ्यावर आता कोण आहे?"

"कुणी नाही."

"खरं सांगा."

"एक जिराफ आहे. त्याची मान फटीत अडकलीय, काही केल्या निघत नाही."

ती हसली. फोटोतला चेहरा माझ्यापासून एका हातावर होता आणि मी तो नुसता बघितला. आमच्या घराकडची बस फलाटाला लागली, तेव्हा ही उठली. मी विचारलं, आधी तुझी सूटकेस घेऊन येऊ का धाकटीकडून?

"राहू दे तिकडेच," ती म्हणाली. "महिनाभर तुमचं वागणं बघते."